बी.ए. मानसशास्त्र झालंय, धुळ्यात राहते. शाळेत समुपदेशक व्हायला एम.ए. करू की थेट डिप्लोमा?

आधी एम.ए. करा, डिप्लोमा नंतर. सीबीएसईच्या नियमात मानसशास्त्राची पदवी किंवा इतर पदवीसोबत समुपदेशनाचा डिप्लोमा शाळेपुरता चालतो, पण पुढे कॉलेजच्या विद्यार्थी साहाय्य कक्षात जायचं म्हटलं की एम.ए. विचारतातच. जळगावच्या शाळेत हेच काम करते, म्हणून सांगते. एम.ए.साठी आपलं बहिणाबाई चौधरी विद्यापीठ जवळच. डिप्लोमा मात्र एनसीईआरटीचाच बघा. वर्षभराचा आहे: सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने इंटर्नशिप. आपल्याला सोयीचं केंद्र भोपाळ. भुसावळहून थेट गाडी. शनिवार-रविवारच्या 'सर्टिफिकेट'वाल्यांना पैसे देऊ नका, त्या कागदाला मुलाखतीत कुणी विचारत नाही.

आणि अहिराणी येत असेल तर अर्धं काम झालं. सहावीतलं पोर प्रमाण मराठीत 'काही नाही मॅडम' म्हणतं. अहिराणीत विचारलं की 'पोट दुखस' म्हणतं, आणि मग परीक्षेच्या भीतीवर येतं.

एक लक्षात ठेवा, मानसशास्त्राच्या नुसत्या एम.ए.ने 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' (मानसिक आजारांवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ) होता येत नाही. त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते.