बेळगावची गाडी, कोल्हापूरचं पासिंग आणि एका एसएमएसची तारीख

चंदगड तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या सरांचं पत्र आलं आहे. कोल्हापुरात तीन महिन्यांचं वेटिंग होतं म्हणून त्यांनी बेळगावच्या एका शोरूममधून नवी पेट्रोल गाडी घेतली. किंमत नऊ लाख साठ हजार. ‘पासिंग कोल्हापूरला आमचा माणूस करून देईल’ असं सांगून सेल्समनने १६,५०० रुपये वेगळे घेतले. गाडी टेम्पररी नंबरवर, म्हणजे तात्पुरत्या नोंदणीवर, घरी आली. पासिंग झालं नाही, टेम्पररीची मुदत संपली, आणि त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी रात्री आजऱ्याजवळ आडव्या आलेल्या गव्याला चुकवताना गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. माणसं वाचली. दुरुस्तीला दोन लाख सत्तर हजार लागले. अपघाताच्या दिवशी वैध नोंदणी नव्हती, असं कळवून विमा कंपनीने क्लेम नाकारला. सर विचारतात: पूर्ण प्रीमियम घेऊन कंपनी हात कसे वर करू शकते? आणि बिलावर ‘बेळगाव न्यायक्षेत्राच्या अधीन’ असं छापलं आहे, तर बेळगावला हेलपाटे घालावे लागतील का?

सर, पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोनवर एवढंच सांगितलं होतं की आधी तक्रार दाखल करा, बाकीचं नंतर बोलू. त्यामागची कारणं इथे लिहिते, कारण अशीच पत्रं मला सावंतवाडीहून येतात, तिथे गाडी गोव्याची असते. देगलूरहून येतात, तिथे ती निजामाबादची असते. गावं बदलतात, चूक तीच असते.

तुमचा दुसरा प्रश्न सोपा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ही सोय २० जुलै २०२० पासून आहे. शोरूमने बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात काहीही छापलं तरी सहसा आयोग त्याला जुमानत नाहीत. कोल्हापूरच्या आयोगात तक्रार करा. बिलावरच्या त्या ओळीवर तुम्ही पत्राचं अख्खं पान खर्च केलं आहे. तुमचं प्रकरण तिच्यावर अवलंबून नाही.

ते अवलंबून आहे तुम्ही तिसऱ्या पानावर ओझरत्या लिहिलेल्या एका वाक्यावर. ‘मध्यंतरी आरटीओचा अर्ज क्रमांक असलेला एक एसएमएस आला होता, पण पुढे काहीच झालं नाही.’ तो एसएमएस कोणत्या तारखेला आला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला सगळ्यात आधी तेच हवं आहे.

विमा कंपनीने नकाराच्या पत्रात ज्या निकालाचा आधार घेतला आहे, तो सर्वोच्च न्यायालयाचा ३० सप्टेंबर २०२१ चा आहे. त्या प्रकरणातही माणूस राजस्थानातला होता आणि गाडी, एक बोलेरो, पंजाबात घेतलेली होती. टेम्पररी नोंदणीची मुदत १९ जुलै २०११ ला संपली आणि २८ जुलैच्या रात्री गाडी जोधपूरला गेस्ट हाउसबाहेरून चोरीला गेली. फरक नऊ दिवसांचा. राष्ट्रीय ग्राहक आयोगात ग्राहक जिंकला होता, सर्वोच्च न्यायालयात हरला. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणं हा पॉलिसीच्या मूळ अटीचाच भंग आहे, असं न्यायालय म्हणालं. त्याआधी २०१४ मध्ये एका पिकअप गाडीच्या अपघातातही हेच ठरलं होतं. टेम्पररी ११ जानेवारी २००६ ला संपलेली, अपघात २ फेब्रुवारीला. विमा चालू होता, तरी एक रुपया मिळाला नाही. अटींचा किरकोळ भंग असेल तर विमा कंपन्या पाऊण रक्कम देऊन मिटवतात, तसंही झालं नाही.

म्हणून ‘प्रीमियम घेतला होता’ या मुद्द्यावर मी वेळ घालवणार नाही. तो तिथे चालला नाही, इथेही चालणार नाही.

पण हे दोन्ही निकाल सावकाश वाचले की दोन्हींत एक सारखी गोष्ट सापडते. २०१४ च्या निकालात न्यायालयाने नोंदवलं आहे की मुदत संपण्याआधी किंवा नंतर मालकाने कायम नोंदणीसाठी किंवा मुदतवाढीसाठी अर्ज केल्याचं काहीच रेकॉर्डवर नाही. २०२१ च्या निकालातही तसंच आहे: अर्ज केला होता किंवा नोंदणीची वाट पाहत होते, असं दाखवणारा कागद नाही. ते दोघं हरले ते हातात कागद नसताना. तुमच्याकडे तो आहे, निदान असू शकतो. कोल्हापूर आरटीओकडे तुमच्या चेसिस नंबरवर अर्ज टेम्पररीच्या मुदतीच्या आत दाखल झाला असेल, तर ‘आमची गोष्ट त्या दोघांपेक्षा वेगळी आहे’ असं आयोगासमोर उभं राहून म्हणता येईल. अर्ज म्हणजे नोंदणी नव्हे, हे विमा कंपनीचा वकील म्हणेलच, आणि त्यात तथ्य आहे. आयोग कुणाचं ऐकेल, याची हमी मी देत नाही. पण अर्ज मुदतीनंतरचा निघाला, तर विमा कंपनीविरुद्धची बाजू जवळजवळ संपली असं समजा आणि सगळा जोर शोरूमवर लावा.

शोरूमवर दोष ठेवता येतो का? इथे गाडी परराज्यातून घेतल्याचा खरा फटका बसतो, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. डीलर ज्या राज्यात आहे त्याच राज्यात नव्या गाडीची नोंदणी व्हायची असेल, तर अर्ज करण्याची जबाबदारी डीलरची, आणि नंबर प्लेट लागल्याशिवाय त्याने गाडी ताब्यात द्यायची नाही. हीच गाडी तुम्ही पुण्याहून किंवा साताऱ्याहून घेतली असती, तर टेम्पररीचा प्रश्नच उभा राहिला नसता. राज्याची हद्द ओलांडलीत आणि ती जबाबदारी कायद्याने तुमच्यावर आली. बेळगावातच नोंदणी करून घेण्यातही लोकांना रस नसतो, कारण तिथे पाच ते दहा लाखांच्या गाडीला आजीवन कर १४ टक्के आहे आणि आपल्याकडे तेवढ्याच पेट्रोल गाडीला ११ टक्के. शिवाय गाडी कायम इकडेच राहणार असेल तर बारा महिन्यांनंतर नंबर बदलून घ्यावाच लागतो. हिशेब बरोबर आहे, पण त्यात जोखीम कुणाची, हे कुणी विचारत नाही.

ती जबाबदारी शोरूमने पैसे घेऊन स्वतःकडे घेतली, एवढंच तुम्हाला सिद्ध करायचं आहे. आणि इथे, सर, मला तुमचा राग आला. सोळा हजार पाचशे रुपये तुम्ही शोरूमच्या खात्यात भरले नाहीत. सेल्समनने दिलेल्या त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर यूपीआयने पाठवले. पावती मागितली नाही. शाळेच्या सहलीचे दोनशे रुपये घेतानाही तुम्ही मुलांना पावती देत असाल. शोरूम आता म्हणणार की हा त्या सेल्समनचा खासगी व्यवहार, आमचा संबंध नाही.

त्याला उत्तर आहे. नोकर मालकाच्या धंद्याच्या ओघात जे करतो, त्याला मालक बांधील असतो. गाडी विकताना, शोरूममध्ये बसून, त्याच गाडीच्या पासिंगसाठी घेतलेले पैसे हा त्याच धंद्याचा भाग आहे. व्यवस्थापकाने तुम्हाला ‘पासिंगचं काम चालू आहे’ असा व्हॉट्सअ‍ॅप केल्याचं तुम्ही लिहिता. तो संदेश यूपीआयच्या नोंदीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण काम आपलं आहे हे त्याने शोरूमच्या वतीने मान्य केलं आहे. दोन्हींच्या छापील प्रतींना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे मोबाइलमधली नोंद पुरावा म्हणून देताना लागणारं, प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर धरून बसत नाही, पण हरकत घ्यायला जागा कशाला ठेवायची? सेल्समनने नोकरी सोडली असेल तरी त्याने काही बिघडत नाही.

पूर्ण दोन लाख सत्तर हजार शोरूमकडून मिळतीलच असं मात्र मी सांगणार नाही. मुदत संपल्याचं ठाऊक असताना गाडी रस्त्यावर का काढली, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. पत्नीला दवाखान्यात न्यायचं होतं हे तुमचं उत्तर खरं आहे. त्या दिवसाचे दवाखान्याचे कागद जोडा. तरीही रक्कम कमी होऊ शकते.

आता उशिराचं. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. विमा कंपनीचं नकाराचं पत्र येऊन बावीस महिने झाले, म्हणजे ‘अजून दोन महिने आहेत’ असं तुम्ही लिहिता. विमा कंपनीपुरतं ते बरोबर आहे. शोरूमचा वकील मात्र मुदत मोजणार ती पासिंग न होता टेम्पररी संपली त्या दिवसापासून, आणि तसं मोजलं तर तुमच्या पत्राच्या तारखेला सातच दिवस उरले होते. अपघाताच्या दिवसापासून मोजलं तर सव्वीस. आयोग कोणता दिवस धरेल हे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून सगळ्यात आधीचा दिवसच धरून चालायचं. या काळात तुम्ही केलेले फोन, पाठवलेले ई-मेल, बेळगावला मारलेल्या फेऱ्या, यांनी मुदत एका दिवसानेही वाढत नाही. ‘बघतो सर, पुढच्या आठवड्यात’ हे उत्तर तुम्ही दोन वर्षं ऐकून घेतलंत, ते तुमच्या सज्जनपणामुळे. मुदतीच्या हिशेबात सज्जनपणाला जागा नाही.

दिवस टळलाच, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण कारण पटवून द्यावं लागतं आणि मूळ प्रकरणाआधी त्याच अर्जावर तारखा पडत राहतात. वकिलाची नोटीस आधी पाठवायलाच हवी, हा समजही सोडा. ग्राहक तक्रारीसाठी कायद्याने नोटीस सक्तीची नाही, आणि नोटिशीच्या उत्तराची पंधरा दिवस वाट पाहणं तुम्हाला परवडणारं नव्हतं.

शोरूम आणि विमा कंपनी, दोघांनाही एकाच तक्रारीत सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा. वेगवेगळ्या तक्रारी केल्या तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. गाडी बनवणाऱ्या कंपनीला यात ओढू नका. गाडीत दोष नाही, तिच्याविरुद्ध मागायला काही नाही. फी पाच लाखांपर्यंत काहीच नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. तक्रार ऑनलाइन, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर भरता येते. माहितीच्या अधिकारात आरटीओकडून अर्जाची तारीख मागवायला तीस दिवस जातील. त्यापेक्षा एसएमएसचा फोटो जोडून तक्रारीसोबतच ‘आरटीओचं रेकॉर्ड मागवावं’ असा अर्ज द्या.

निकाल कधी, हेही तुम्ही विचारलं आहे. कायदा म्हणतो, सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत. हे वाचून मला दर वेळी चीड येते, कारण तीन महिन्यांत निकाल लागलेली अशी तक्रार मी माझ्या हाताने चालवलेली नाही. कधी पद रिकामं, कधी कोरम नाही, कधी तारीख पुढे. तुमच्या मनाची तयारी वर्षांची असू द्या. फक्त एक ठिकाण असं आहे जिथे वेळ तुमच्या बाजूने आहे. सामनेवाल्याला लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात. सेहेचाळिसावा दिवस नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटीस शोरूमला कोणत्या दिवशी पोहोचली, त्याची पोच जपून ठेवा आणि दिवस मोजा. परगावचे डीलर इथे हमखास गाफील राहतात.

तो एसएमएस ज्या फोनवर आला होता, तो फोन तुम्ही दिवाळीत बदलल्याचं लिहिता. जुना फोन मुलीकडे आहे म्हणता. तो विकू नका, रीसेट करू नका, आणि आज रात्रीच चार्जिंगला लावून संदेश शोधा. तारीख सापडली की मला कळवा, म्हणजे तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात विमा कंपनी आधी लिहायची की शोरूम, हे ठरवता येईल.