वाचक विचारतात : ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’चा पहिला गड

प्रश्न : भावाच्या लॅपटॉपवर ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ नावाचा खेळ उघडला, तर पडदाभर नुसती अक्षरं आणि ठिपके. फाइल बिघडली आहे की खेळच असा आहे? आणि स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात तो पैसे घेऊन का विकतात? (कोल्हापूर)

खेळच असा आहे. सात बुटक्यांना घेऊन डोंगरात गड वसवायचा आणि तो टिकवायचा, हा खेळ. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स हे अमेरिकेतले दोघे भाऊ २००२ पासून तो बनवत आहेत. लोकांसमोर तो पहिल्यांदा ऑगस्ट २००६ मध्ये आला आणि कितीतरी वर्षं फुकट वाटला जात होता. खेळणाऱ्यांच्या देणग्यांवर दोघांचं घर चालायचं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये पहिल्यांदा जे १४ व्हिडिओ गेम संग्रहात घेतले, त्यांत हा होता. चित्रं असलेली विकतची आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. अक्षरांची ‘क्लासिक’ आवृत्ती मात्र भावांच्या ‘बे ट्वेल्व्ह गेम्स’ या संकेतस्थळावर आजही फुकट आहे. आतला खेळ तोच, माउसही चालतो. त्यामुळे आधी ती उतरवून घ्या. महिनाभर टिकलात तर चित्रांचे पैसे द्या.

अक्षरं वाचायची सवय दोन-तीन बैठकांत होते. हसरा चेहरा म्हणजे तुमचा बुटका. रोमन लिपीतली लहान ‘सी’ म्हणजे मांजर, लहान ‘डी’ कुत्रा, लहान ‘जी’ गॉब्लिन, म्हणजे गडावर चालून येणारा शत्रू. मोठी ‘डी’ दिसली तर ड्रॅगन आहे, दार लावा. वस्तूच्या नावाच्या दोन्ही बाजूंची चिन्हं तिचा दर्जा सांगतात : आडवी रेघ म्हणजे बरी, अधिकचं चिन्ह म्हणजे चांगली, चांदणी म्हणजे त्याहून सरस.

पण खरी मजा मजकुरात आहे. कुठल्याही बुटक्यावर क्लिक करा. त्याला काय आवडतं, कोणाचं दुःख आहे, कोणत्या लढाईत कोणतं बोट गेलं, हे सगळं लिहिलेलं असतं, आणि त्यातलं काहीच शोभेपुरतं नसतं. २०१५ च्या शेवटी खेळात मद्यगृहं आली आणि गडोगडी मांजरं मरायला लागली. कारण शोधलं तेव्हा कळलं, की सांडलेली बिअर त्यांच्या पंजांना लागत होती, मांजरं पंजे चाटत होती, आणि हिशेबातल्या चुकीमुळे प्रत्येक चाटण्याला पेलाभर दारू पोटात जात होती. चूक नंतर दुरुस्त झाली. असा हा खेळ आहे.

प्रश्न : इंटरनेटवरचं मार्गदर्शन वाचून सुरुवात केली. त्यात ‘डी’ दाबून खणा असं म्हटलंय, पण खणलं जात नाही. एक जिना कसाबसा खणला, तो कुठेच जात नाही. पहिल्या वर्षात नेमकं काय, कोणत्या क्रमाने करायचं? (नाशिक)

तुमचं मार्गदर्शन डिसेंबर २०२२ च्या आधीचं आहे. तेव्हा बऱ्याच कळा बदलल्या. आता खणण्यासाठी ‘एम’, बांधण्यासाठी ‘बी’, साठ्याच्या जागेसाठी ‘पी’, वापराची जागा ठरवायला ‘झेड’, कामं कोणी करायची ते ठरवायला ‘वाय’ आणि थांबवायला स्पेसबार. थांबलेल्या वेळातही हुकूम देता येतात. नवख्याने निम्मा वेळ थांबवूनच खेळावं.

जिन्याचं म्हणाल तर एका मजल्याचा जिना हा जिना नव्हेच. वरच्या मजल्यावर एक कोपरा क्लिक करायचा, मग हव्या तितक्या पातळ्या खाली उतरून दुसरा कोपरा क्लिक करायचा. मधले सगळे टप्पे एकदम आखले जातात.

जागा निवडताना दोन गोष्टी बघा. झाडं हवीत आणि परिसर शांत हवा. ‘सॅव्हेज’ किंवा ‘इव्हिल’ म्हटलेला भाग पहिल्या गडाला नको. ‘अ‍ॅक्विफर’ म्हणजे पाझरणारा थर. तो ‘लाइट’ असेल तर हरकत नाही. त्यातून जिना नेल्यावर दगडी भिंती घासून गुळगुळीत केल्या की पाझर थांबतो. माती असेल तर तिथे भिंत बांधावी लागते. ‘हेवी’ असेल तर जागा बदला. सामानाची यादी स्वतः करायच्या फंदात पहिल्यांदा पडू नका. तयार सामानात कुदळी, कुऱ्हाडी, बियाणं, ऐरण, दारू असं लागेल तेवढं असतं.

वर्ष ३३६ दिवसांचं, २८ दिवसांचे १२ महिने, सुरुवात वसंतात. सेकंदाला १०० फ्रेम या नेहमीच्या वेगाने, न थांबवता, वर्ष सुमारे ६७ मिनिटांत संपतं. म्हणजे पहिला शरद लागेपर्यंत तुमच्या हातात तेहतीसेक मिनिटं आहेत. ती अशी वापरा.

सात बुटके उतरल्याबरोबर डोंगराच्या पोटात तीन घरं (घर म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन) रुंदीची वाट खणा. तीनच, कारण व्यापाऱ्यांच्या गाड्या त्याहून अरुंद वाटेने येत नाहीत. पहिल्याच मातीच्या थरात एक मोठी खोली काढून सगळं सामान आत घ्या, आणि त्याच थरात ३ बाय ३ चं शेत. कोऱ्या खडकावर पीक येत नाही, माती किंवा चिखल हवा. शेतात ‘प्लम्प हेल्मेट’ ही अळंबी लावा. ती बारा महिने येते, कच्ची खाता येते आणि तिची दारूही होते; पण प्रत्येक ऋतूसाठी ती स्वतंत्रपणे निवडावी लागते. वसंतात लावून विसरलात तर उन्हाळ्यात शेत पडीक.

मग सुताराचा कारखाना : आधी पिंपं, नंतर खाटा. त्याशेजारी दारूची भट्टी. ऐच्छिक समजू नका ती. बुटक्यांना दारू मिळाली नाही की काम मंदावतं आणि चीड साचत जाते.

उन्हाळ्यात न बोलावलेले पाहुणे कायमचे राहायला येतात, त्यांना जागा लागेल. तोवर कारागिराकडून दगडी पेले करून घ्या; एका दगडातून तीन होतात. शरदात बुटक्यांचाच तांडा येतो, त्याआधी ५ बाय ५ चा व्यापारी तळ बांधून तयार हवा. पेले देऊन कापड, चामडं, अन्न घ्या. पुढच्या वसंतात एल्फ, म्हणजे वनात राहणारे लोक, व्यापाराला येतील. त्यांच्यापुढे लाकडी वस्तू ठेवली की ते रागावून निघून जातात. पेले दगडाचे पण खोकं लाकडाचं, हेसुद्धा त्यांना चालत नाही.

वर्ष सरायच्या आत दारात उचलता पूल बांधा. साध्या दाराने भागत नाही. गॉब्लिनांबरोबर येणारे ट्रोल नावाचे राक्षस दार फोडतात, पण उचललेला पूल भिंतीसारखा असतो आणि तो त्यांना फोडता येत नाही. पूल खटक्याला जोडायला दोन ‘मेकॅनिझम’ (यंत्राचे सुटे भाग) लागतात, एक पुलाकडे आणि एक खटक्याकडे. शिवाय खटका बांधायलाच एक. एकूण तीन. खटका गडाच्या आत ठेवा. सांगायला नको, पण बाहेर ठेवणारे असतात. पूल उचलताना त्यावर कोणी नाही ना, हेही बघा.

प्रश्न : शेतात आणि कोठारात अळंबी भरपूर, तरी दारू संपल्याची सूचना येते. भट्टी बंद पडलीय. (ठाणे)

रिकामं पिंप नाही. प्रत्येक घाण्याला एक रिकामं पिंप किंवा मोठं दगडी भांडं लागतंच, आणि बुटके बहुतेक पिंपांत अळंबीच भरून ठेवतात. अन्नसाठ्याच्या सेटिंगमध्ये पिंपांची संख्या शून्य करा, सुताराला दहा नवी सांगा. लाकूड कमी असेल तर कारागिराकडून दगडी भांडी.

दुसरं, स्वयंपाकघर तपासा. ‘वाय’ दाबून येणाऱ्या पानात किचनचा भाग आहे. तिथे अळंबी आणि दारू या दोन्हींचा स्वयंपाकातला वापर बंद करा. होय, आचारी दारूसुद्धा रस्सा करून संपवतो. अळंबी शिजवली की बी मिळत नाही. कच्ची खाल्ली किंवा दारू केली तर मिळतं. एका अळंबीची पाच माप दारू होते, त्यामुळे ती शिजवणं हा तोट्याचाच व्यवहार.

प्रश्न : एक बुटका लोहारखान्यात जाऊन बसलाय. काम करत नाही, जेवत नाही. हाकलताही येत नाही. (पणजी)

त्याला झपाटलंय. गडावर वीसेक माणसं झाली की हे सुरू होतं. तो एक कारखाना बळकावतो, लागेल ते साहित्य स्वतः गोळा करतो आणि एक अजोड वस्तू घडवतो. साहित्य मिळालं नाही तर काही महिन्यांत वेडा होतो : कोणी खंगून मरतो, कोणी सोबत्यांवर धावून जातो.

लोहारखान्यावर क्लिक करा, त्याची मागणी कोड्यात लिहिलेली दिसेल. आणलेल्या सामानाशी ती ताडून पाहा. जे आलेलं नाही तिथे घोडं अडलंय. बहुतेकदा ते कापड असतं. वनस्पतीच्या धाग्याचं, रेशमी आणि लोकरीचं हे तीन वेगळे प्रकार आहेत, आणि एकाच्या जागी दुसरं त्याला चालत नाही. म्हणून तांड्याकडून तिन्हींचा एकेक गठ्ठा, थोडं चामडं घेऊन ठेवावं. हाडं आणि शिंपले फेकू नयेत. कोणताच कारखाना न बळकावता नुसता भटकत असेल, तर त्याला हवा तो कारखाना गडावर नाही.

आशा सुटलीच, तर त्याच्याभोवती भिंत घाला. निर्दय वाटेल, पण तो धावून गेला तर चार प्रेतं पुरावी लागतात. आणि पुरावीच लागतात : शवपेटी किंवा नाव कोरलेली शिळा मिळाली नाही, तर मेलेला बुटका भूत होऊन परततो.

प्रश्न : माझा संगणक जुना आहे. शंभर बुटके झाले की खेळ रखडतो. (डोंबिवली)

ग्राफिक्स कार्डाचा इथे फारसा संबंध नाही, प्रोसेसरच्या एका गाभ्याचा वेग महत्त्वाचा. जो तो बुटका आणि प्राणी सतत वाट शोधत असतो, भार त्याचा आहे. लहान जग घ्या. जागा ४ बाय ४ ऐवजी ३ बाय ३ घ्या. सेटिंगमध्ये लोकसंख्येची मर्यादा २०० वरून ७० वर आणा. मांजरांची पैदास आवरा. पिंजऱ्यात ठेवलेलं जनावर वाट शोधत नाही.

प्रश्न : जेवणघरात विहीर हवी म्हणून नदीपासून खाली टाक्यापर्यंत बोगदा खणला. पाणी विहिरीच्या तोंडातून वर आलं आणि गड बुडाला. आता काही होईल का? (सातारा)

नदीची पातळी जेवणघराच्या वर आहे. वाकड्या नळीत एका बाजूने पाणी ओतलं की दुसऱ्या बाजूला तेवढंच चढतं, तसं झालं. खेळ हा दाब मोजतो. मात्र पाणी तिरप्या कोपऱ्यातून, म्हणजे फक्त कोपऱ्याला कोपरा लागणाऱ्या दोन घरांमधून गेलं, की दाब तिथेच संपतो. टाक्याच्या अलीकडे बोगद्याला असं एक तिरपं वळण दिलं असतं तर पाणी टाक्यातच राहिलं असतं.

पुढच्या वेळी नदीकाठचं शेवटचं घर न खणता ठेवा. बोगद्यात दगडी ‘फ्लडगेट’, म्हणजे पाणी अडवणारं दार, बसवा, खटक्याला जोडा (इथेही तीन मेकॅनिझम), खटका ओढून ते उघडतं-मिटतं ना बघा आणि मिटलेलं ठेवा. मग ते शेवटचं घर वरच्या मजल्यावरून ‘चॅनल’ने (वरून खाली खणण्याच्या हुकमाने) फोडा, म्हणजे खणणारा कोरडा राहतो. विहीर हवीच, त्यात तुमचं चुकलं नाही. जखमी बुटक्याला दारू चालत नाही, पाणीच लागतं. तिला दगडी ठोकळा, मेकॅनिझम, बादली आणि दोर किंवा साखळी लागते.

आताचं बोलायचं तर आधी सगळ्यांना वर काढून जेवणघराच्या वरच्या जिन्याभोवती भिंत घाला. मग नदीजवळ बोगद्यावर वरून चॅनल करून ती फट भिंतीने बुजवता येते का पाहा. आत उरलेल्या पाण्यासाठी बुडालेल्या मजल्याहून खालच्या पातळीवर, नकाशाच्या कडेपर्यंत एक बोगदा काढा. कडेचं शेवटचं घर खणता येत नाही, पण ती भिंत गुळगुळीत करून तिच्यात जंग्या कोरता येतात. ‘फॉर्टिफिकेशन’ असं त्या हुकमाचं नाव. जंग्यांतून पाणी नकाशाबाहेर वाहून जातं. खेळ पाण्याची खोली एक ते सात अशी मोजतो; ती एकवर आली की पाणी आपोआप आटतं. कोणीच वाचलं नसेल, तर त्याच जगात नवे सात बुटके पाठवून हाच गड परत ताब्यात घेता येतो. मात्र पाणी तिथेच साचलेलं असेल, म्हणून कुदळी जास्तीच्या द्या.