जुनी इमारत पाडताना पाहिली आहे का? आमच्या शेजारचा वाडा पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. नेमकं काय होतं?

हो, पाहिली आहे. पुण्यात शनिवार पेठेत आमच्या घराला लागूनच एक दुमजली वाडा होता. तो पाडायला घेतला तेव्हा मी रोज सकाळचा चहा गॅलरीत उभा राहून घ्यायचो. पहिल्याच दिवशी भिंती कोसळतील अशी माझी कल्पना. टीव्हीवर नोएडाचे ते दोन मनोरे पाहिले होते ना, २८ ऑगस्ट २०२२ ला ३,७०० किलो स्फोटकांनी काही सेकंदांत खाली आलेले. पेठेत तसलं काही शक्यच नाही. गल्लीत टेम्पो नीट वळत नाही आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या.

वाडा वरून खाली, बांधला त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने उतरवतात. आधी कौलं. एक जण छपरावरून खाली देतो, दुसरा झेलतो. मग वासे. मग माडीची जमीन, म्हणजे खालच्या खोलीचं कडीपाटाचं छत. फळ्यांवरची माती घमेल्यांनी काढायची, फळ्या सोडवायच्या, कड्या आणि शेवटी तुळया दोरांनी खाली घ्यायच्या. हे सगळं पहारीनं आणि हातानं, कारण ठेकेदाराचा जीव त्या सागवानात असतो. शंभर-दीडशे वर्षं सुकलेलं लाकूड नव्यासारखं आकसत नाही, वाकत नाही, त्यामुळे त्याला भाव चांगला. म्हणूनच अशा कामात बऱ्याचदा मालक ठेकेदाराला पैसे देत नाही, ठेकेदारच मालकाला देतो. नक्षीचे खांब आणि दिंडी दरवाजा तर काम सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी बोलून ठेवलेले होते.

लाकूड निघालं की भिंती. खाली काळा दगड, वर पातळ जुन्या विटा आणि मातीचा गिलावा. सिमेंट कुठेच नाही, त्यामुळे विटा ओढल्या तरी सुटतात. याच कारणानं १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे पाण्यात बसले. भिंतीतली माती भिजली आणि वरचा भार खाली आला. शेजारचा वाडा त्यातून वाचला होता. पुरातून वाचला, भाडेकायद्यातून नाही. १९४७ च्या कायद्यानं भाडी गोठली. महिन्याच्या भाड्यात एक नळ दुरुस्त होत नाही, मग मालक कौलं कशाला शाकारतोय? भाडेकरूही स्वतःच्या खिशातून करणार नाही. दोघांचंही गणित बरोबर होतं, आणि वाडा दर पावसाळ्यात गळत होता.

मला स्वतःला फार गलबलून वगैरे आलं नाही. सामाईक संडासासमोर बादली घेऊन रांग लावलेल्या माणसाला ‘वाडा संस्कृती’ची आठवण फार गोड लागत नाही. त्या भाडेकरूंना नव्या इमारतीत स्वतःचं न्हाणीघर मिळणार याचा आनंदच होता. चीड आली ती वेगळ्या गोष्टीची. पाडण्याआधी कुणी साधं मोजमाप घेतलं नाही, नकाशा काढला नाही, चौकाचे चार फोटोही नाहीत. मागच्या अंगणात एक दगडी हौद निघाला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात पाणी आणलं त्या नळाशी तो जोडलेला होता की नुसता पावसाच्या पाण्याचा, हे तपासायला एखादी दुपार पुरली असती. दुसऱ्या दिवशी तो राडारोड्यानं भरून टाकला.

आता तुमच्यापुरतं. धूळ सिमेंटची नसते, पांढऱ्या मातीची असते, पीठ चाळल्यासारखी बारीक, आणि बंद खिडकीतूनही आत येते. गच्चीवरची पाण्याची टाकी आधी झाका. उंदीर आणि घुशी तुमच्याकडे येणार हे धरून चाला. सामाईक भिंत असेल तर काम सुरू व्हायच्या आधी तुमच्या बाजूनं तिचे तारखेसकट फोटो काढा, असलेल्या तड्यांचे विशेष करून. वाडा गेल्यावर ती भिंत एकटी उघडी पडते, पावसाळा तोंडावर असेल तर ती झाकायची जबाबदारी कुणाची हे मालकाकडून आधीच लिहून घ्या. तोंडी ‘हो हो, करू की’ वर जाऊ नका.