जनरल गॉडार्ड कोण होता आणि त्याचं पुढे काय झालं?
थॉमस गॉडार्ड, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मुंबईकर इंग्रजांच्या मदतीला उत्तरेतल्या काल्पीहून निघालेली फौज आधी कर्नल लेस्लीकडे होती, तो १७७८ मध्ये वाटेतच वारला आणि कमांड याच्याकडे आली, मग बुंदेलखंड, भोपाळ करत अख्खा देश आडवा कापून पठ्ठ्या फेब्रुवारी १७७९ ला सुरतेत पोचला, पण तोवर वडगावला मराठ्यांपुढे हरून इंग्रजांचं नाक कापलं गेलेलं. १७८० मध्ये त्यानं अहमदाबाद घेतलं, डिसेंबरात वसईसुद्धा. मग डोक्यात हवा गेली बहुतेक, थेट बोरघाट चढून पुण्यावर दबाव टाकायला निघाला. तिथं मराठा सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी रसद तोडून असं छळलं की एप्रिल १७८१ मध्ये पनवेलकडे पळता भुई थोडी! १७८३ मध्ये मायदेशी जाताना जहाजावरच वारला.