हनोखाचे पुस्तक बायबलमध्ये का नाही?

बायबलच्या नव्या करारातील यहूदाच्या पत्रात नोहाचा पूर्वज हनोख याचे वचन उद्धृत केलेले असूनही त्याचे पुस्तक बायबलमध्ये का नाही, असा आपला प्रश्न आहे. खरे तर ते एका परंपरेत आहेच: इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स चर्च ते पवित्र शास्त्रात गणते आणि संपूर्ण ग्रंथ आज केवळ तेथील प्राचीन गीझ भाषेतच टिकून आहे.

हा एकसंध ग्रंथ नसून इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून पुढे वेगवेगळ्या हातांनी रचलेल्या भागांचा संग्रह आहे, आणि जलप्रलयापूर्वीच्या हनोखाच्या नावावर तो लिहिला गेला, हेच पुढे त्याच्या मुळावर आले. सुरुवातीच्या काळातील ख्रिस्ती लेखक तर्तुलियनाने यहूदाच्या पत्राचा दाखला देऊन त्याची बाजू मांडली. नंतरचे ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ ऑगस्टीन यांनी मात्र इतक्या प्राचीन लेखनाचा खरेपणा पडताळता येत नाही म्हणून ते नाकारले. रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) परंपरेनेही त्याला स्थान दिले नाही, जरी दृष्टान्तांतून गूढ प्रकटीकरण सांगणाऱ्या त्याच साहित्यप्रकारातील दानीएलाचे पुस्तक हिब्रू शास्त्रात स्वीकारले गेले.

मृत समुद्राजवळील कुमरान येथील, प्राचीन यहुदी हस्तलिखिते सापडलेल्या गुहांपैकी चौथ्या गुहेत या ग्रंथाच्या अरामी हस्तलिखितांचे तुकडे सापडल्यामुळे तो काही यहुदी गटांत आदराने वाचला जात होता, हे स्पष्ट झाले. 'मानवपुत्रा'चे वर्णन करणारा दृष्टांतांचा भाग (अध्याय ३७ ते ७१) मात्र तेथे मिळालेला नाही. एखाद्या लेखकाने वचन उद्धृत केले म्हणजे त्याने संपूर्ण ग्रंथ शास्त्र मानला, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो, कारण नव्या करारातील पत्रांचा लेखक पौल यानेही ग्रीक कवींची वचने वापरली आहेत. अर्थात यहूदा हनोखाने 'भविष्यवाणी केली' असे म्हणतो, ही अडचण उरतेच.