कोशर मध: 'सोवळा' नव्हे, 'चालणारा'

एका वाचकाने विचारलं आहे: 'मधाच्या बाटलीवर "कोशर" असं छापलेलं पाहिलं. याला मराठीत सोवळा मध म्हणावं का? आणि ज्यूंना कीटक वर्ज्य असतात, मग मधमाशीचा मध कसा चालतो?'

उत्तर प्रश्नाच्या शेवटच्या शब्दातच आहे: 'चालतो'. कोशरसाठी याहून चपखल मराठी शब्द मला सापडलेला नाही. उपासाला साबुदाणा चालतो, पोहे चालत नाहीत, असं आपण म्हणतो तेव्हा ना पोह्यांना कुणी घाण म्हणत असतं, ना साबुदाण्याला पवित्र. नियमात बसतं की नाही, एवढाच मुद्दा. कोशर म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या नियमांत बसणारं. हिब्रूतला मूळ शब्द 'काशेर'. अर्थ योग्य, उचित. बायबलमध्ये एस्तेर राणी राजाकडे अर्ज करताना म्हणते, 'ही गोष्ट महाराजांना योग्य वाटत असेल तर', तिथे हाच धातू आहे, आणि प्रसंगाचा खाण्याशी काही संबंध नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश बोलीत त्याचं 'कोशर' झालं आणि इंग्रजीमार्गे तेच रूप आपल्याकडे आलं. इस्रायलमध्ये आजही 'काशेर'च म्हणतात.

'सोवळं' मात्र टाळावं. सोवळं शिवल्याने मोडतं आणि आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून परत येतं. डुकराचं मांस कितीही धुतलं तरी कोशर होत नाही. तिथे प्रश्न मुळात प्राण्याच्या जातीचा आहे. रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, मंत्र म्हटला की पदार्थ कोशर होतो, ही समजूतही चुकीची.

आता मध. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या ११व्या अध्यायात पंख असलेले कीटक वर्ज्य सांगितले आहेत. टोळांच्या काही जाती तेवढ्या सोडल्या आहेत. म्हणजे मधमाशी बाद. त्यात मिश्नामधल्या (मिश्ना म्हणजे ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह) 'बखोरोत' या भागात एक सूत्र आहे: अशुद्धापासून जे निघतं ते अशुद्ध. म्हणून गाढविणीचं आणि उंटिणीचं दूध चालत नाही. या हिशेबाने मधही बाद व्हायला हवा होता.

मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमूद. त्यात यावर दोन उत्तरं आहेत. पहिलं असं की माशी मध पोटात घेते खरी, पण तो स्वतःच्या अंगातून काढत नाही. म्हणजे माशी हमाल, गवळण नव्हे! आज आपल्याला ठाऊक आहे की हमाल वाटेत मालाला थोडा हात लावतो: मकरंदात माशीच्या शरीरातली विकरं मिसळतात, पाणी उडून विसेक टक्क्यांच्या खाली येतं, तेव्हा मध होतो. तरी मूळ माल फुलाचाच.

दुसरं उत्तर रब्बी याकोव यांचं, आणि शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाने वाचावं असं. ते म्हणतात, मधाला शास्त्रानेच मुभा दिली आहे. मग गांधिलमाशीसारख्या इतर कीटकांच्या मधाचं काय? तो नाही. का? तर मधमाशीच्या मधाला 'शेम लेवाय' नाही. शेम म्हणजे नाव आणि लेवाय म्हणजे सोबत, जोड. नुसतं 'मध' म्हटलं की मधमाशीचाच. दुसऱ्याचा असेल तर 'गांधिलमाशीचा मध' असं नाव जोडून सांगावं लागतं. ज्याला जोडनाव लागतं ते बाहेर.

हे आपल्याला परकं नाही. घरात 'दूध आण' म्हटलं तर कुणी नारळाचं दूध आणत नाही. पण उपासाच्या ताटात गंमत उलटी होते. तांदूळ चालत नाहीत आणि 'वऱ्याचे तांदूळ' चालतात. रब्बी याकोवांकडे जोडनावाने वस्तू बाद होते, आपल्याकडे जोडनावानेच पास होते. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने भगरीचं भांडं खाली न ठेवता 'मग त्यांच्यात काय खातात?' एवढंच विचारलं असतं.

गांधिलमाशीच्या मधाबद्दल सगळ्यांचं एकमत मात्र नाही. मिश्नामध्येच दुसरीकडे तो खायला मोकळा ठेवला आहे, आणि ते वचन रब्बी याकोवांच्या मताविरुद्ध जातं, असं तालमूदही नोंदवतो. व्यवहारात या वादाने कुणाचं अडत नाही, कारण असा मध दुकानात मिळतो कुठे?

रॉयल जेलीचं अडतं. ती मकरंदापासून गोळा केलेली नसते, कामकरी माशीच्या डोक्यातल्या ग्रंथींतून स्रवते. तिथे हमालाचा युक्तिवाद लागू पडत नाही, म्हणून अनेक रब्बी ती वर्ज्य मानतात. काही जण सूट देतात. बाटलीवरचा शिक्का, उदाहरणार्थ वर्तुळातला इंग्रजी 'यू', असल्याच गोष्टींची हमी देतो: मधात काही मिसळलेलं नाही, तो भरताना वापरलेली यंत्रं चालणारी आहेत. 'कोशर मध' ही मधाची वेगळी जात नव्हे.

आणखी एक गाठ अनुवादाची. 'दुधामधाचे प्रवाह वाहणारा देश' हे मराठी बायबलमधले शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेले असतात. तिथला हिब्रू शब्द 'दवाश'. अनुवादाच्या ८व्या अध्यायात (हे बायबलमधल्या एका पुस्तकाचं नाव, भाषांतर नव्हे!) त्या भूमीची पिकं मोजली आहेत: गहू, जव, द्राक्षं, अंजीर, डाळिंब, जैतून आणि दवाश. परंपरेने इथला दवाश म्हणजे खजुराचा पाक. अरबीत 'दिब्स' हा त्याचाच भाऊबंद, आणि त्याचा नेहमीचा अर्थही खजुराची काकवीच. खजुराच्या दवाशला अर्थातच माशीची अडचण नाही, ते झाडाचं फळ. बायबलमधल्या शमशोनाला सिंहाच्या सांगाड्यात सापडला तो मात्र माशांचाच मध. २००७ मध्ये यार्देन (जॉर्डन) नदीच्या खोऱ्यात तेल रेहोव्हच्या उत्खननात माती आणि गवताच्या सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या मधपेट्या निघाल्या, तेव्हा त्या काळी तिथे माशा पाळत होते, हेही कळलं. हिब्रूत एकाच शब्दात मावलेले हे दोन्ही अर्थ मराठीत 'मध' या शब्दात मावत नाहीत. आपल्या मधाला माशी चिकटलेलीच असते.

राहिली आपल्याकडची गोष्ट. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', मराठीच बोलत आले. मासे निवडताना त्यांच्याकडे पर आणि खवले बघितले जातात. मटणाच्या रश्शात दूधदही चालत नाही म्हणून नारळाचं दूध पडतं. त्यांच्या नववर्षाला चिकाचा हलवा होतो. चीक म्हणजे इथे गव्हाचा, कुरडयांना लागतो तो; गाईच्या पहिल्या दुधाचा, खरवसाचा नव्हे. पाहा, इथेही जोडनाव लावावंच लागलं.