बंड मोडल्यानंतरच्या जमिनी

प्रश्न : मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो आणि गेली तीन वर्षे एक कादंबरी लिहीत आहे. तिच्यातील देश काल्पनिक आहे. तेथील डोंगराळ मुलखात बंड उठते, सरकारी फौज वाड्या-वस्त्या उठवून लोकांना रस्त्यालगतच्या कुंपणबंद गावांत आणून बसवते, बंडखोरांचा दाणागोटा तुटतो आणि सात वर्षांनी त्यांचा म्होरक्या शस्त्रे खाली ठेवतो. तेथे कादंबरी संपते. हस्तलिखित वाचलेल्या एका स्नेह्यांनी ‘मोहीम खरी वाटते, शेवट खोटा वाटतो’ असे सांगितले. माझे चुकले कोठे?

उत्तर : आपल्या स्नेह्यांचे म्हणणे मला पटते. आपण मोहीम जमिनीवरून सुरू केली आणि शस्त्रांवर संपवली. ज्या प्रकरणात आपण गावे उठवलीत, त्या प्रकरणापासून वाचकाच्या मनात एकच विचार घोळत राहतो, की मागे राहिलेल्या त्या शेतांचे काय झाले असेल. आणि आपण मात्र त्याला शेवटी म्होरक्याची तलवार दाखवून निरोप देता.

या प्रश्नासाठी आपल्याला कोल्हापूर सोडून लांब जाण्याची गरज नाही. १८४४ मधील गडकऱ्यांचे बंड आपल्याच जिल्ह्यातले. गडकरी म्हणजे किल्ल्यांची राखण करणारी वंशपरंपरागत शिबंदी. या चाकरीच्या मोबदल्यात त्यांच्याकडे जमिनी असत. महाराज अल्पवयीन असताना इंग्रजांच्या पसंतीने आलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनी या जमिनींचा कारभार मामलेदाराच्या हाती नेला, तेव्हा गडहिंग्लजजवळच्या सामानगडाने दरवाजे लावून घेतले, भुदरगड उठला आणि बंडाचे लोण सावंतवाडीच्या मुलखापर्यंत पोहोचले. ऑक्टोबरमध्ये सामानगड पडला आणि डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा. लढाईची हकिगत एवढीच आहे. ती दोन पानांत मावते. त्यानंतर जे घडले, ते मात्र पिढ्यांना पुरले. वंशपरंपरागत शिबंदी मोडण्यात आली, किल्ले निकामी करण्यात आले, पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला गेला आणि बंड मोडण्याचा खर्च संस्थानाच्याच माथी बसला. ज्या माणसाची ओळखच ‘अमक्या गडाचा गडकरी’ अशी होती, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून स्वतःला काय म्हणायचे? आपल्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण या प्रश्नात दडलेले आहे, असे मला वाटते.

गावे उठवण्याचा आपला प्रसंग मात्र अधिक अलीकडचा आहे, आणि त्याचे दोन नमुने आपण बारकाईने अभ्यासावेत. मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पात, कम्युनिस्ट बंडाविरुद्ध १९४८ पासून १९६० पर्यंत चाललेल्या आणीबाणीत ब्रिटिशांनी सुमारे पाच लाख लोकांना, मुख्यतः जंगलाच्या कडेला शेती करणाऱ्या चिनी कुटुंबांना, ‘नव्या गावां’त हलवले, भोवती काटेरी तार, वेशीवर झडती आणि तांदळाचे मोजून वाटप. बंडखोरांची रसद तुटली, हे खरेच. परंतु मूळ जमिनीवर या कुटुंबांचा कागदोपत्री हक्क नव्हता आणि नव्या गावातही पुष्कळांच्या हाती तात्पुरता परवानाच आला, त्यामुळे तार निघाली तरी मालकीचा प्रश्न सुटला नाही आणि ती गावे बहुतांशी तेथेच राहिली. दुसरा नमुना आपल्याच देशातील मिझोरामचा. तेथे मिझो बंड उठल्यावर मार्च १९६६ मध्ये ऐजॉल शहरावर सरकारी विमानांतून मारा झाला, १९६७ पासून लष्कराने डोंगरांतील गावे उठवून रस्त्यालगत एकत्र बसवली. झूम शेती करणाऱ्याचे शेत दरवर्षी डोंगर-उतारावर जागा बदलते. संचारबंदीच्या वेळा पाळणाऱ्या माणसाला दूरच्या शेतावर जाऊन दिवसाउजेडी परतणे जमेना, आणि जो आपले धान्य आपण पिकवत होता तो शिधावाटपाच्या रांगेत उभा राहिला. शांतता करार झाला तो ३० जून १९८६ रोजी. मधल्या वीस वर्षांत कुंपणात जन्मलेली मुले स्वतः आईबाप झाली होती. ‘परत जाऊ’ हा शब्द आजोबांच्या आणि नातवाच्या तोंडी एकाच अर्थाने येणे शक्य नव्हते. आपल्या पात्रांच्या तोंडी तो कसा येतो, ते एकदा तपासून पाहावे.

आणखी एक उणीव सांगतो. आपल्या पत्रात फौज आहे, बंडखोर आहेत. खबर देणारा शेजारी कोठेच नाही. अशा मोहिमा शेजाऱ्याच्या तोंडातून निघालेल्या नावावर चालतात. कोणी भीतीने नाव सांगतो, कोणी शिध्यासाठी, कोणी बांधाच्या जुन्या भांडणाचा सूड म्हणून. आणि युद्ध थांबल्यावर त्याच बांधाच्या दोन्ही बाजूंना त्यांना पुन्हा नांगर धरावा लागतो. विहीर एक, स्मशानही एक. फौज निघून जाते, ही माणसे जात नाहीत. याविषयी लिहिताना घाईने समेट घडवून आणू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

आपल्या जिल्ह्यात धरणांमुळे उठलेल्या गावांच्या वसाहती आहेत. धरणाचे विस्थापन आणि बंदुकीच्या धाकाने झालेले विस्थापन एक नव्हे, हे मी जाणतो. परंतु पाण्याखाली गेलेल्या शेताची एक-एक ताल आणि एक-एक झाड नावानिशी सांगणारी वृद्ध माणसे तेथे भेटतात. चार दिवस त्यांच्याजवळ बसून ऐकावे, मध्ये प्रश्न विचारू नयेत.

मग शरणागतीचा प्रसंग कादंबरीच्या मध्यावर आणून पाहा. उत्तरार्ध त्या सकाळी सुरू करा, ज्या सकाळी कुंपणाचे फाटक पहिल्यांदा उघडे राहते आणि एक कुटुंब विळा-कोयती घेऊन जुन्या गावाकडे निघते. सात वर्षांच्या रानाने वाट गिळलेली असेल. हद्दीचा दगड त्यांना सापडतो का, सापडला तर तो जागेवर आहे का, आणि पलीकडे आधीच कोणी पेरणी केलेली आहे का, हे लिहायला बसण्यापूर्वी आपण स्वतःशी ठरवून घ्यावे.